नरक्याचं विष नेमकं कोणासाठी?

पुणे-मुंबई महामार्ग सोडून कान्हे फाट्याला आत वळलं की टाकवे बुद्रुक लागतं आणि तिथून वडेश्वर, खांडीच्या दिशेनं आंदर मावळ उघडत जातो. खाली आंद्रा नदीच्या काठानं इंद्रायणी वाणाच्या भाताची खाचरं, वर डोंगराच्या खोबणींत आणि देवरायांत तग धरून राहिलेलं सदाहरित रान, आणि मधल्या उतारांवर माजलेली घाणेरी, अशी इथली साधारण मांडणी. भात पिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त दमवतं ते तण. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात, तेव्हा जमिनीतलं तणाचं बी करपवणं हा एक मोठा हेतू असतो. पुढे चिखलणी, खाचरात कोंडलेलं पाणी आणि शेवटी वाकून केलेली बेणणी, हे सगळे उपाय त्याच एका वैऱ्यावरचे. टाकव्याच्या आसपास कारखाने आले, हाताला महिन्याचा पगार मिळू लागला, तशी बेणणीला माणसं मिळेनाशी झाली आणि तणनाशक फवारणं सोपं वाटू लागलं. अशा वेळी ‘विकतचं रसायन कशाला, रानातल्याच एखाद्या झाडापासून तणनाशक का करू नये’ हा प्रश्न निघतोच. प्रश्न खुळा नाही. इतर वनस्पतींची वाढ रोखणारी रसायनं वनस्पती खरोखरच बनवतात, आणि त्यांतलं एक अतिशय प्रभावी रसायन सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या नरक्या नावाच्या झाडात आहे. पण एखादं द्रव्य शेजारच्या रोपाला रोखू शकतं आणि ते झाड त्या द्रव्यानं शेजारच्या रोपाला रोखतं, ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्याच्या बाजूनं नरक्यापुरता तरी पुरावा नाही, आणि त्या झाडाचं विष ज्या पद्धतीनं काम करतं ते पाहता दुसरं विधान खरं असण्याची शक्यता मला कमी वाटते.

आधी झाडाची ओळख. नरक्या हा फार मोठा वृक्ष नव्हे. बहुधा सदाहरित रानाच्या खालच्या थरात, दोन-अडीच पुरुष उंचीचा असतो. पानं रुंद, टोकदार, फांदीच्या शेंड्याकडे दाटीनं आलेली. साल करडी, सुरकुतलेली. पावसाळ्यात पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात आणि त्यांना असा वास असतो की नावाचं कोडं आपोआप सुटावं. पावसाळ्यानंतर बोराएवढी लांबट फळं लाल होत होत जांभळी-काळी होतात आणि पाखरं ती खातात. जुन्या शास्त्रीय नावात ‘फीटिडा’ म्हणजे दुर्गंधी हे विशेषण होतं. आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. त्यातले निम्मो म्हणजे मुंबईचे हौशी वनस्पती अभ्यासक जोसेफ निम्मो. मुंबईचे पोस्ट खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ साली तयार केली, तीत या झाडाला निम्मोंचं नाव दिलं. ग्रॅहॅम त्याच वर्षी खंडाळ्यात वारले आणि यादीचं उरलेलं काम निम्मोंनीच पुरं केलं. लोणावळा-खंडाळ्यापासून भीमाशंकर, महाबळेश्वर ते थेट आंबोलीपर्यंतच्या रानात वाढणाऱ्या या झाडाला पुढची सव्वाशे वर्षं वनस्पतीशास्त्रज्ञांपलीकडे कोणी फारसं विचारलं नाही.

त्याचं नशीब पालटलं ते दूरच्या एका झाडामुळे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी हे दोन रसायनशास्त्रज्ञ कर्करोगाविरुद्ध काम करणारी वनस्पतिजन्य द्रव्यं शोधत होते. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, १९२५ सालचा जन्म, शिक्षण मुंबई विद्यापीठात. चीनमध्ये वाढणाऱ्या कॅम्प्टोथेका या झाडापासून त्यांनी १९६६ मध्ये एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि झाडावरून त्याला कॅम्प्टोथेसिन म्हटलं. (पाच वर्षांनी याच जोडीनं टॅक्सॉलची रचना उलगडली, एका माणसाच्या खात्यात कर्करोगावरची अशी दोन औषधं क्वचितच असतात.) १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की हेच अल्कलॉइड आपल्या नरक्यात आहे, आणि तेही भरपूर. कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेली टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मागणी वाढली आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर नरक्याची बेकायदा तोड सुरू झाली. ‘नरक्याची तस्करी’ हे शब्द तिकडच्या वर्तमानपत्रांत अजून अधूनमधून दिसतात.

आता या द्रव्याचं काम कसं चालतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पेशीतला डीएनए दोन पदरी पिळाचा असतो. पेशी दुभंगण्याआधी त्याची नक्कल करायची तर पदर सुटे करावे लागतात, आणि सुतळीचा पीळ एका जागी उकलला की पुढे तो जास्तच घट्ट बसतो, तसंच इथं होतं. हा ताण घालवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर एक पदर क्षणभर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि पदर पुन्हा जोडून टाकतं. कॅम्प्टोथेसिनचा रेणू नेमका कापलेल्या जागी जाऊन बसतो आणि जोडणी होऊ देत नाही, हे १९८५ मध्ये स्पष्ट झालं. नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन या अर्धवट कापलेल्या जागेवर आदळते, आणि एका पदरातली चीर दोन्ही पदरांतला तुकडा होऊन बसते. ज्या पेशी स्वस्थ बसल्या आहेत त्यांना याची झळ कमी लागते. ज्या भराभर दुभंगताहेत त्या मरतात किंवा थांबतात. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून हे द्रव्य औषध झालं. वनस्पतीत भराभर दुभंगणाऱ्या पेशी असतात मुळाच्या टोकाला आणि शेंड्यावर. त्यामुळे कॅम्प्टोथेसिन रोपाची वाढ रोखतं यात नवल काहीच नाही. नवल वाटायचं तर ते रोखलं नसतं तर वाटलं असतं.

हे प्रयोगशाळेत दिसतं कसं? काचेच्या बशीत टिपकागद, त्यावर पंचवीस-पन्नास बिया, वर तपासायच्या द्रव्याचं पाणी, आणि शेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याची बशी. अशा चाचण्यांत जगभर आवडीनं वापरलं जाणारं बी म्हणजे आपला बाळंतिणीच्या लाडवांतला अळीव, कारण तो एका दिवसात मोड काढतो आणि भलता नाजूक असतो. इथं एक खोच आहे. बी रुजताना मोड बाहेर येतो तो पुष्कळदा आधीच असलेल्या पेशी पाणी पिऊन लांबल्यामुळे. पेशी दुभंगण्याचं काम त्यानंतर जोर धरतं. त्यामुळे पेशीविभाजन अडवणाऱ्या द्रव्यात भिजवलेलं बी ‘रुजलं’ अशी नोंद होऊ शकते आणि दोन दिवसांनी पाहावं तर मूळ तिथंच खुंटलेलं, टोक बोथट झालेलं, बाजूची तंतुमुळं नाहीतच. रुजवण मोजायची की मुळाची लांबी, यावर निष्कर्ष उलटासुलटा होऊ शकतो. कॅम्प्टोथेसिनची वाढरोधक शक्ती वनस्पतींवर मुद्दाम तपासली गेली ती १९७६ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या ब्यूटा आणि वॉर्ली यांच्याकडून, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तण नव्हतं, तंबाखू होती. निपाणीकडच्या शेतकऱ्याला ही अडचण वेगळी सांगायला नको: तंबाखूचा शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून धुमारे फुटतात आणि पानात भरायचा कस ते खातात. कॅम्प्टोथेसिननं हे धुमारे आवरले जातात असं या दोघांना दिसलं, आणि त्यांनी त्याला निवडक वाढनियंत्रक म्हटलं. म्हणजे वाढ रोखण्याचा गुण पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

पण बशीत अळीव खुंटला म्हणून रानात नरक्याखाली काही उगवत नसेल, असं म्हणता येत नाही. वनस्पतींच्या रासायनिक वैराचा हा विषय असल्या घाईनं एकदा चांगलाच पोळला आहे. या प्रकाराला ‘ॲलेलोपथी’ हे नाव व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये दिलं, पण विषय गाजला तो १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियात. तिथं सुगंधी झुडपांच्या जाळ्यांभोवती मीटर-दोन मीटर रुंदीचा उघडाबोडका पट्टा दिसतो आणि त्यापलीकडे गवत सुरू होतं. म्युलर आणि सहकाऱ्यांनी झुडपांतून उडणारी तेलं पकडली, ती बियांची वाढ रोखतात हे दाखवलं आणि पट्ट्याचं श्रेय त्या तेलांना दिलं. सगळं कसं छान जुळत होतं. सहा वर्षांनी बार्थोलोम्यू यांनी त्या उघड्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे लावले, आणि पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं. झुडपांत दडून राहणारे उंदीर, ससे आणि पक्षी आडोशापासून फार लांब न जाता बी आणि कोंब फस्त करत होते. तेलं खोटी नव्हती, त्यांचा बशीतला परिणामही खोटा नव्हता. फक्त पट्टा पाडण्याचं काम मुख्यतः ती करत नव्हती. ब्रिटिश परिस्थितिकीतज्ज्ञ जॉन हार्पर यांचा आक्षेप तर याहून मुळावरचा होता: कुठल्याही झाडाचा पाला कुटून त्याचा पुरेसा दाट अर्क बियांवर ओतला तर काही ना काही खुंटतंच. मावळात घाणेरीच्या जाळीखाली काही उगवत नाही हे कोणीही सांगेल. पण तिथं सावली आहे, मुळांची चढाओढ आहे, जाळीत लपणारे उंदीर आहेत. कारण रसायनच, हे ठरवायला आधी बाकीची कारणं वजा करावी लागतात, आणि ती वजाबाकी क्वचितच केली जाते.

नरक्याच्या बाबतीत ही वजाबाकी न करताही काही अडचणी आधीच दिसतात, आणि त्या सगळ्या या रेणूच्या स्वभावातून येतात. पहिली, कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. औषध बनवणाऱ्यांना याच गोष्टीनं वर्षानुवर्षं रडवलं. १९७०च्या दशकात त्याचं विरघळणारं सोडियम मीठ करून रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा एकीकडे परिणाम घटला आणि दुसरीकडे मूत्राशयातून रक्तस्रावासारखे त्रास उद्भवले. त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जे द्रव्य पाण्यात नीट उतरतच नाही ते या पावसानं पानावरून ओघळून मुळांपर्यंत पोचेल कसं, आणि थोडंफार उतरलं तर एवढ्या पाण्यात त्याची मात्रा उरेल किती? दुसरी अडचण अशी की या रेणूतलं एक कडं, लॅक्टोन कडं, बंद असेल तरच तो विकराला अडवतो. सामू सातच्या वर गेला की कडं उघडतं आणि रेणू बराचसा निकामी होतो. रक्तात हे अर्ध्या तासाच्या आतबाहेर घडतं. इथं प्रामाणिकपणे उलट बाजूही मांडायला हवी: घाटमाथ्याची तांबडी, जांभ्यापासून झालेली माती आम्लधर्मी असते, तिथं कडं बंद राहण्याचा संभव जास्त, म्हणजे हा मुद्दा काही अंशी नरक्याच्या विषाच्या बाजूनं जातो. तिसरी अडचण मातीतल्या सूक्ष्मजीवांची. पावसाळ्यात कुजणाऱ्या पाल्यात त्यांची अशी गर्दी असते की नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्य फार काळ शाबूत राहणं अवघड. पाचोळ्याच्या बारीक तुकड्यांतून, मुळांच्या कुजलेल्या सालीतून थोडं विष थेट शेजारच्या मुळाला भिडत असेल, हा मार्ग मात्र पूर्ण बंद झाला असं म्हणता येत नाही, कारण नरक्यात हे अल्कलॉइड खोडाच्या आणि मुळाच्या लाकडात-सालीतही मुबलक असतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा घेता येईल की शेजाऱ्याला मारायचं नसेल तर झाडानं एवढं महागडं विष बाळगलंच कशाला? आणि आक्षेप घेणाऱ्याच्या हातात एक खणखणीत पुरावाही आहे. टोपोआयसोमरेज-१ नरक्याच्या, कॅम्प्टोथेकाच्या स्वतःच्या पेशींतही असतं. मग हे झाड स्वतःच्याच विषानं का मरत नाही? जपानमधल्या सिरिकांतारामास, यामाझाकी, सैतो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. कॅम्प्टोथेका आणि ऑफिओर्‍हायझा या कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींत त्या विकराच्या एका मोक्याच्या जागी, मानवी विकराच्या मोजणीनं ७२२व्या स्थानी, ॲस्परजिनऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल आलेलं आहे. त्यामुळे विकराचं काम चालू राहतं, पण विषाला तिथं बसायला जागा मिळत नाही. नेमका असाच बदल कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींतही सापडलेला आहे. वनस्पती आणि कर्करोग, दोघांनी एकाच कुलपाला एकच उत्तर शोधलं. शिवाय कॅम्प्टोथेका, ऑफिओर्‍हायझा आणि नरक्या ही तीन वेगळ्या, एकमेकांपासून दूरच्या कुळांतली मंडळी. इतक्या वेगळ्या घराण्यांत हा रेणू येऊन टिकला, आणि निदान दोघांत तरी त्यासाठी स्वतःच्या विकरात फेरफार झाला, याचा अर्थ या विषाचा झाडाला काही मोठा लाभ आहे. इथवर आक्षेप मान्य. पण लाभ कोणाविरुद्ध, हे त्यातून ठरत नाही. स्वसंरक्षणाची सोय झाली म्हणजे झाडाच्या आत विष खूप आहे एवढंच कळतं. ते बाहेर मातीत पुरेशा मात्रेत जातं का, हा वेगळा प्रश्न राहतोच.

कोणाविरुद्ध याचा माग काढायचा तर विष झाडात कुठं आणि कधी साठतं ते पाहावं. कॅम्प्टोथेकात त्याचं प्रमाण कोवळ्या पानांत सालीपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि पान जून होत जातं तसं ते घटतं. शेजारच्या रोपाला मारायचं तर विष गळणाऱ्या जून पानात आणि मुळांच्या स्रावात हवं. खाणाऱ्या किड्याला अडवायचं तर ते कोवळ्या, रसदार पानात हवं. १९७४ मध्येच घरमाशीवर कॅम्प्टोथेसिन देऊन पाहिलं होतं आणि ते माशांना वांझ करतं असं आढळलं होतं; चीनमध्ये कॅम्प्टोथेकाच्या फुलोऱ्यावर गेलेल्या मधमाशा मेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मला वाटतं, हे विष मुळात खाणाऱ्यांसाठी आहे: किडे, अळ्या, आणि सालीत शिरू पाहणारी बुरशी. शेजारची रोपं त्यानं खुंटतात ते विष सर्वव्यापी यंत्रणेवर घाव घालतं म्हणून. टोपोआयसोमरेज-१ माशीत आहे, माणसात आहे, तंबाखूत आहे, अळिवात आहे. असं विष कोणावरही टाकलं तरी लागणारच, आणि कोणालाही लागतं यावरून ते त्याच्यासाठी बनलं असा निष्कर्ष काढता येत नाही. शेजारचंच दुसरं उदाहरण घ्या. पावसाळ्यात मावळच्या बांधावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कोल्चिसिन हे अल्कलॉइड बनवते. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या धाग्यांची बांधणी ते अडवतं. १९३७पासून वनस्पती पैदासकार त्याचा वापर गुणसूत्रं दुप्पट करण्यासाठी करतात, म्हणजे रोपांवर ते चालतं हे निर्विवाद. पण वनस्पतींमधल्या त्या धाग्यांचं प्रथिन कोल्चिसिनला प्राण्यांच्या मानानं फारच कमी धरतं, म्हणून पैदासकाराला दाट द्रावण वापरावं लागतं. माणसाला मात्र ते फार थोड्या मात्रेत जिवावर बेततं. बशीतल्या चाचणीत कळलावीही ‘वाढरोधक’ ठरेल. तिचं विष कोणाच्या मापानं बेतलेलं आहे हे मात्र मात्रेतल्या या फरकातच दिसतं.

मग अल्कलॉइडनं शेजाऱ्याला रोखण्याचं खरंखुरं उदाहरण नाहीच का? सर्वांत जवळ जातं ते कॉफीचं. कॅफीन नव्या पेशींच्या मधली भिंत बांधली जाऊ देत नाही. ते पाण्यात सहज विरघळतं, कॉफीच्या पानांतून, फळांतून, पडलेल्या बियांतून मातीत उतरतं आणि जुन्या मळ्यांत साठून खुद्द कॉफीच्याच नव्या रोपांना त्रास देतं असं वॉलर आणि सहकाऱ्यांचं १९८०च्या दशकातलं प्रतिपादन आहे. कॉफीचं बी स्वतः कॅफीननं भरलेलं. त्याचा गर्भ यातून वाचतो कसा, याचं फ्रीडमन आणि वॉलर यांनी १९८३ मध्ये दिलेलं उत्तर फार सुरेख आहे. गर्भ आधी पेशी दुभंगत नाही, नुसता लांबतो, आणि मुळाचं टोक कॅफीनच्या कोठारापासून बाहेर ढकलल्यावरच विभाजनाला हात घालतो. आपल्याकडे रिझवी, मुखर्जी आणि माथुर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कॅफीननं काटेमाठासारखं तण रोखलं जातं आणि उडदाला मात्र धक्का लागत नाही. नरक्यापेक्षा हा दावा मजबूत का, तर तिथं रेणू विरघळणारा आहे, मातीत उतरण्याचा मार्ग उघडा आहे, आणि स्वतःच्या विषापासून बीजाला वाचवण्याची रीत थेट रुजण्याशीच जोडलेली आहे. तरीसुद्धा कॅफीन गोगलगायी आणि किड्यांनाही मारतं, तेव्हा कॉफीनं ते प्रथम कोणासाठी जमवलं हा वाद तिथंही मिटलेला नाही.

वाद मिटवणारा पुरावा कसा असतो हे पाहायला मात्र कुठं लांब जायला नको; तो टाकव्याच्या खाचरातल्या पिकात आहे. भात मुळांतून मोमिलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतो. ही अल्कलॉइडं नव्हेत, पण तणाची वाढ रोखतात. १९७३ मध्ये ती प्रथम भाताच्या तुसात सापडली. २०१२ मध्ये संशोधकांनी भाताच्या अशा ओळी घेतल्या ज्यांत मोमिलॅक्टोन बनवणारं जनुक बंद केलेलं होतं, बाकी सगळा भात तोच. शेजारी भातासारखंच दिसणारं रानसाव्याचं तण लावलं. जनुक बंद असलेल्या भाताची तण दाबण्याची ताकद घटली. सावली तीच, मुळांची चढाओढ तीच, उंदीर नाहीत. फरक फक्त एका द्रव्याचा. रासायनिक वैर सिद्ध होतं ते असं. नरक्यावर असा प्रयोग करणं सोपं नाही. झाड वाढायला वर्षं लागतात, आणि २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडल्यानं, विष बनवतं कोण हेच आधी वेगळं करावं लागेल.

आता बांधावरच्या प्रश्नाकडे. समजा माझा कल चुकला आणि नरक्या खरोखर शेजाऱ्यांना रोखत असला, तरी त्याच्या अर्काचं तणनाशक करावं का? ‘निवडक’ हा १९७६ मधला शब्द पुढे करून कोणी हो म्हणेल. पण तंबाखूच्या धुमाऱ्यांना आवरणं आणि भात सोडून फक्त तण मारणं यांत मोठं अंतर आहे. चांगलं निवडक तणनाशक पिकात नसलेल्या किंवा पिकाला पचवता येणाऱ्या जागी घाव घालतं. कॅम्प्टोथेसिनचा घाव भाताच्या मुळाच्या टोकावर, खाचरातल्या माशांवर, खेकड्यांवर आणि फवारणाऱ्याच्या आतड्याच्या अस्तरावर, सगळीकडे एकाच कळीवर बसतो. आयरिनोटेकान घेणाऱ्या रुग्णाला होणाऱ्या जुलाबांची तीव्रता कर्करोग विभागातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारावी. झाडातून आलं म्हणून निरुपद्रवी, हा समज कळलावी आणि धोतरा उगवणाऱ्या मुलखात तरी टिकू नये. शिवाय लाकडात वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असणारं, काही निवडक झाडांत त्याहून बरंच जास्त भरणारं द्रव्य शेताला पुरेल इतकं मिळवायचं तर किती झाडं पाडावी लागतील हा हिशेब सिंधुदुर्गातल्या तोडीनं आधीच मांडून ठेवला आहे. नरक्या खुंटातून पुन्हा फुटतो हे खरं, पण मुळासकट खणून नेला तर फुटणार कशातून? त्यापेक्षा तण दाबणाऱ्या भाताच्या जाती निवडण्याचं काम वडगाव मावळसारख्या भात संशोधन केंद्राच्या आवाक्यातलं आणि जास्त कामाचं आहे. ज्या केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी दिली, तिथं कुठल्या वाणाचं मूळ किती मोमिलॅक्टोन सोडतं हे मोजणं काही अशक्यप्राय नाही.

नरक्याचा प्रश्न मात्र रानातच सोडवावा लागेल, आणि पहिली पायरी साधी आहे. एखाद्या देवराईत नरक्याच्या छत्राखाली आणि त्याच उंचीच्या, तितकीच सावली देणाऱ्या दुसऱ्या झाडाखाली सारखे चौकोन आखायचे. निम्म्यांवर बी आणि कोंब खाणारे प्राणी येऊ नयेत म्हणून जाळी लावायची. निम्म्यांच्या मातीत सेंद्रिय विषं शोषून घेणारा सक्रिय कोळसा मिसळायचा, आणि कोळशानं मातीचा कसच बदलतो या आक्षेपाला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या झाडाखालच्या चौकोनांतही तोच मिसळायचा. मग त्या रानातलंच बी पेरून एक पावसाळा मुळांची लांबी मोजायची, नुसती उगवण नव्हे. कोळशानं फरक फक्त नरक्याखाली पडला तर वर मांडलेला माझा कल सोडून द्यावा लागेल. जाळीनं फरक पडला आणि कोळशानं नाही, तर मावळातली ती गोष्ट कॅलिफोर्नियासारखीच उंदरांची निघेल.